माल हाती पडेपर्यंत पैसा आमचाच: सोन्या-चांदीच्या विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
आगाऊ रक्कम घेऊन सोनं, चांदी आणि प्लॅटिनम विकणारे सर्व विक्रेते

स. न. वि. वि.

थेट मुद्द्यावर येते. तुमच्याकडे ऑर्डर नोंदवली की भाव त्या क्षणी पक्का होतो आणि पूर्ण रक्कम आम्ही लगेच भरतो. माल मात्र आठवड्याने येतो, पंधरवड्याने येतो, बाजार तापलेला असेल तर दोन-दोन महिन्यांनी येतो. या मधल्या काळात आमच्याकडे पैसाही नसतो आणि धातूही नसतो, फक्त एक ऑर्डर क्रमांक असतो. नेमक्या त्याच काळात तुमच्या दाराला टाळं लागलं तर आमचं काय होतं, हे बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असायला हवं. म्हणून हे पत्र ग्राहकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. माल तुमच्या दारातून बाहेर पडेपर्यंत आमची रक्कम वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवा, म्हणजे जिथला पैसा ग्राहकाचाच राहतो आणि विक्रेता तो फक्त सांभाळतो अशा खात्यात, आणि तसं करारात स्पष्ट लिहून द्या.

सोनं घेणारा माणूस ते का घेतो, याचा जरा विचार करा. बँका अडचणीत येऊ शकतात, चलन घसरू शकतं, रोख्यांवरची सही उद्या कुचकामी ठरू शकते, पण हातातला धातू कुणाच्याही वचनावर अवलंबून नसतो, असं त्याला वाटतं. त्याचं वाटणं बरोबरही आहे. पण ऑर्डर आणि डिलिव्हरी यांच्या मधल्या दिवसांत हाच माणूस एका कंपनीच्या वचनावर पूर्णपणे विसंबून असतो, आणि त्या कंपनीचे हिशेब त्याला दिसत नाहीत. ज्या जोखमीपासून पळायला त्याने सोनं घेतलं, त्याच जोखमीत तो सगळी रक्कम घेऊन उभा असतो.

हे सगळं काल्पनिक आहे, असं तुमच्यापैकी कुणी म्हणू नये. न्यूझीलंडमधल्या गोल्डकॉर्प एक्स्चेंज या कंपनीचं प्रकरण कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकवलं जातं. ही कंपनी सोनं, चांदी, प्लॅटिनम विकायची. बऱ्याच ग्राहकांनी तिथे पूर्ण पैसे भरून धातू घेतला होता, पण प्रत्यक्ष ताब्यात घेतला नव्हता. त्यांच्या हातात प्रमाणपत्रं होती. मागणी केल्यावर सात दिवसांत माल मिळेल, असं सांगितलेलं होतं, आणि सगळ्यांना पुरेल एवढा साठा कंपनी कायम ठेवेल, असंही. तेवढा साठा कधी ठेवलाच गेला नाही. 1988 मध्ये कंपनी कोसळली आणि कर्ज देणाऱ्या बँकेने आपला रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन बँकेचं कर्ज वसूल करणारा माणूस, नेमला. बँकेकडे कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर तारणहक्क होता, आणि मालमत्ता बँकेचं देणं भागवायलाही पुरणारी नव्हती.

ग्राहक शेवटपर्यंत लढले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या वेळी न्यूझीलंडसाठी अपिलाचं सर्वोच्च न्यायालय होतं तिथपर्यंत, गेलं आणि 1994 मध्ये निकाल लागला. ग्राहकांचं म्हणणं साधं होतं: आम्ही सोन्याचे पैसे दिलेत, तिजोरीत सोनं आहे, ते आमचं आहे. उत्तर मिळालं, कोणतं सोनं? कुठल्या विटेवर, कुठल्या नाण्यांवर तुमचं नाव होतं? वेगळा काढून, मोजून, तुमच्या नावे बाजूला ठेवलेला माल असेल तरच त्यावर मालकी येते. नुसत्या ‘इतके औंस देणे’ या नोंदीने मालकी येत नाही. मग ग्राहक म्हणाले, सोनं नाही तर निदान आमचे पैसे तरी आमचे समजा, ते तुम्ही आमच्या वतीने सांभाळत होतात. तेही मान्य झालं नाही. पैसे वेगळे ठेवण्याचं बंधन कंपनीवर कुठल्याच अटीने नव्हतं. किंमत म्हणून आलेली रक्कम कंपनी हवी तशी खर्च करू शकत होती, आणि तिने ती केलीही होती.

या निकालाला आणखी एक बाजू आहे. गोल्डकॉर्पने आधी दुसऱ्या एका कंपनीचा व्यवसाय विकत घेतला होता. त्या जुन्या कंपनीच्या ग्राहकांचा धातू खरोखर वेगळा ठेवलेला होता. पुढे तोही गोल्डकॉर्पच्या साठ्यात मिसळला गेला, तरी मुळात तो वेगळा काढलेला असल्यामुळे या ग्राहकांना, मर्यादित का होईना, हक्क मिळाला. विक्रेता तोच, दिवाळखोरी तीच, न्यायालयही तेच. कुणाच्या हाती काही लागायचं आणि कुणाच्या तोंडाला पानं पुसली जायची, हे एवढ्यावरच ठरलं की कधीतरी कुणीतरी माल बाजूला काढला होता की नव्हता.

पुढे इंग्लंडमध्ये 1995 साली माल-विक्रीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ठरावीक, ओळख पटवता येईल अशा साठ्यातला काही भाग घेण्यासाठी ज्याने आगाऊ पैसे दिलेत, त्याला त्या साठ्यात सहमालकी मिळू लागली. सुधारणा चांगलीच आहे, पण ती लागू व्हायला आधी साठा असावा लागतो. माल अजून रिफायनरीतून, म्हणजे धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्यातून, यायचा असेल, किंवा विक्रेत्याने तो मागवलाच नसेल, तर सहमालकी कशात मिळणार?

दिवाळखोरीत ग्राहकाच्या वाट्याला नक्की काय येतं, तेही जवळून बघा. आधी एक ईमेल किंवा लखोटा येतो. त्यात न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि दाव्याचा अर्ज असतो. अमेरिकेतल्या छापील अर्जात एक प्रश्न आहे: हा दावा पूर्णतः किंवा अंशतः तारणावर आधारलेला आहे का? ज्याने शंभर टक्के रक्कम आगाऊ भरली आहे, त्याला तिथे ‘नाही’ समोर खूण करावी लागते. त्या एका खुणेने तो रांगेच्या शेवटाकडे जातो. तारण असलेली बँक पुढे, वकिलांचा आणि प्रशासकाचा खर्च पुढे, ठरावीक मर्यादेत कामगारांचे पगार आणि सरकारी कर पुढे. काही ठिकाणी ग्राहकांच्या अनामतीला थोडा अग्रक्रम असतो, पण त्याची मर्यादा इतकी कमी असते की सोन्याच्या मोठ्या ऑर्डरीपुढे ती कुठल्या कुठे जाते. उरलंसुरलं सगळ्यांत वाटून जे हाती येतं, तेही वर्षांनी. आणि हिशेब धरला जातो तो पैशात, औंसांत नाही. त्या काळात भाव दुप्पट झाला तरी दाव्याची रक्कम तेवढीच राहते.

आता दुसरं उदाहरण देते. ते सोन्याचं नाही, पण तुमच्या धंद्याला तंतोतंत लागू पडतं. केफर्ड नावाची एक इंग्लिश कंपनी टपालाने ऑर्डर घेऊन पांघरुणं वगैरे विकायची. ग्राहक आधी पैसे पाठवत. 1972 च्या अखेरीस तिचा पुरवठादार अडचणीत आला आणि आपलं काही खरं नाही, हे कंपनीच्या लक्षात आलं. तिने हिशेबनिसांचा सल्ला घेतला आणि ज्यांचा माल अजून गेला नव्हता अशा ग्राहकांकडून येणारे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला सुरुवात केली. काही आठवड्यांतच कंपनी बंद पडली. त्या खात्यातली रक्कम कंपनीकडून येणं असलेल्या सगळ्यांच्या सामायिक गंगाजळीत टाकायची की ग्राहकांना परत द्यायची, असा प्रश्न न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती मेगरी यांनी तो पैसा ग्राहकांसाठी विश्वस्त म्हणून ठेवला होता असं ठरवलं, ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला आणि असं करणं ही योग्य आणि सचोटीची गोष्ट असल्याचं सांगितलं.

पांघरुणं विकणाऱ्या, बुडत चाललेल्या एका कंपनीला हे जमलं. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, कुणाची परवानगी लागली नाही. एक खातं लागलं आणि पैसे कुणाचे आहेत याविषयी स्वच्छ हेतू लागला.

तुम्ही हे का करत नाही, याचं उत्तर मला दिसतं ते असं. आमचे पैसे हे तुमचं खेळतं भांडवल झालं आहे. भाव पक्का करून ऑर्डर घेतली की विक्रेत्याने तेवढा धातू लगेच विकत घ्यायला हवा, नाहीतर वायदे बाजारात तेवढ्या वजनाचा सौदा करून ठेवायला हवा. जो हे रोजच्या रोज करतो, त्याला भाव कुठेही गेला तरी फारसा फरक पडत नाही. पण ‘आज घेतलेली ऑर्डर पुढच्या आठवड्यात स्वस्तात भागवू’ असा मोह एकदा झाला, आणि भाव उलट चढला, की खड्डा पडतो. जुन्या भावाने जिची ऑर्डर घेतली ती चांदी आता जास्त पैसे देऊन आणावी लागते. फरक कुठून भरायचा? आज आलेल्या नव्या ऑर्डरीच्या पैशातून. मग उद्याच्या ऑर्डरीतून आजची. याची टोपी त्याच्या डोक्यावर.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की बाजार जोरात असतो तेव्हा खड्डा दिसत नाही. भाव चढले की ऑर्डरी वाढतात, खात्यात पैसा दिसतो, जुन्या ऑर्डरी भागवता येतात. बाजार शांत झाला, नवे ग्राहक थांबले, की शेवटच्या काही महिन्यांत ज्यांनी पैसे भरले त्यांच्यावर सगळं कोसळतं. कॅलिफोर्नियातली टुल्विंग कंपनी 2014 च्या मार्चमध्ये बंद पडली, तेव्हा नव्या ग्राहकांच्या पैशातून जुन्यांच्या ऑर्डरी भागवल्या जात होत्या हे उघड झालं. मालकाने पुढे गुन्हा कबूल केला. वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थवेस्ट टेरिटोरियल मिंटने 1 एप्रिल 2016 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथेही ऑर्डरींना महिनोन्‌महिने विलंब होत होता. तिच्या मालकाला ज्यूरीने 2021 मध्ये दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी 11 वर्षांची शिक्षा झाली. टेक्सासच्या ऑस्टिन शहरातली बुलियन डायरेक्ट 2015 मध्ये बुडाली, तेव्हा आपला धातू कंपनीच्या तिजोरीत सुरक्षित आहे असं समजणारे ग्राहकही अडकले.

शिक्षा झाल्या, चांगलं झालं. पण शिक्षेने कुणाची नाणी परत येत नाहीत. आणि गोल्डकॉर्पच्या ग्राहकांकडे बघितलं तर लक्षात येतं की विक्रेत्याच्या मनात काय होतं, यावर ग्राहकाच्या हाती काय लागतं हे ठरत नाही. एखादा विक्रेता लबाड असतो, एखादा नुसता अजागळ, एखाद्याला मोठ्या गिऱ्हाइकाने बुडवलेलं असतं. पैसा मिसळलेला असेल तर तिन्ही ठिकाणी आमची गत एकच होते.

सवलतीबद्दलही बोलायला हवं. ‘माल उशिरा घेतलात तर भाव कमी लावू’ अशी योजना तुमच्यापैकी काही जण काढतात. ग्राहकाला वाटतं, थांबायची तयारी आहे तर चार पैसे वाचतील. प्रत्यक्षात तो तुम्हाला कर्ज देतो आणि ती सवलत हे त्याचं व्याज असतं. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या इंटरनॅशनल गोल्ड बुलियन एक्स्चेंजने अशीच उशिराच्या डिलिव्हरीवर सवलत देऊन धंदा वाढवला होता. 1983 मध्ये ती बुडाल्यावर तिजोरीत सोनेरी रंग दिलेल्या लाकडी विटा सापडल्या. तुम्हाला कर्जच हवं असेल तर कर्ज म्हणून मागा. ताळेबंद दाखवा, व्याजदर सांगा, तारण द्या. मग ज्याला द्यायचं तो देईल. सोन्याच्या विक्रीच्या पावतीआड कर्ज उभारू नका.

तुम्हाला पैसे किंवा माल देणारे इतर लोक काय करतात बघा. बँक तारण घेतल्याशिवाय कर्ज देत नाही. घाऊक पुरवठादार सहसा आधी पैसे घेतो, मग माल सोडतो. कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्या तर तुमच्या रकमेतला काही हिस्सा अडकवून ठेवतात, कारण माल पोचला नाही तर ग्राहकाचे पैसे आपल्याला परत करावे लागतील हे त्यांना माहीत असतं. ही सगळी या धंद्यात मुरलेली माणसं आहेत, त्यांना जोखीम दिसते आणि ती तिची तजवीज करतात. विनातारण आणि विनाव्याज उधार देणारा एकटा ग्राहक राहतो. त्यातही बँकेतून थेट रक्कम पाठवली तर तुम्ही कमी भाव लावता, म्हणजे कार्डामुळे मिळणारं उरलंसुरलं संरक्षणही तो थोड्या पैशांसाठी सोडून देतो.

मध्यंतरी एका विक्रेत्याकडे माझी चांदीची ऑर्डर रखडली होती. ऑर्डरीच्या पानावर ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच शब्द होते, ते काही हलत नव्हते. फोन केला तर पलीकडचा मुलगा सौजन्याने बोलला, माफी मागितली, माल लवकरच निघेल म्हणाला. मी त्याला विचारलं, माझ्या नावे चांदी बाजूला काढून ठेवली आहे का? तो गप्प झाला. मग म्हणाला, तसं काही आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही. बरं, मग माझे पैसे कुठे आहेत? ते कंपनीच्या खात्यात जमा झालेत ना, मॅडम. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. त्याने मला अगदी खरं उत्तर दिलं. चांदी पुढे आली, पण ते उत्तर माझ्या मनातून गेलं नाही.

आता तुमच्या अडचणी. त्या मला मान्य आहेत. तुमचा नफा पातळ असतो. भाव पक्का केल्यावर बाजार पडला तर काही ग्राहक सरळ हात वर करतात, म्हणून तुम्ही आधी पैसे मागता, आणि ते रास्त आहे. पण त्यासाठी पूर्ण रक्कम कशाला हवी? भाव पडल्यास तुमचं नुकसान भरून निघेल एवढा इसार घ्या आणि बाकीची रक्कम माल तयार झाल्यावर मागा. पूर्ण रक्कम घ्यायचीच असेल तर ती तिसऱ्या पक्षाच्या खात्यात राहू द्या आणि विमा काढलेलं पार्सल कुरियरच्या ताब्यात गेल्याची नोंद झाली की तुम्हाला मिळू द्या. पुरवठादाराला आधी पैसे द्यावे लागत असतील तर त्या खात्यातून थेट त्याला जाऊ द्या, आमच्या ऑर्डरीच्या नावे, आणि आलेला माल आमच्या नावे बाजूला ठेवा. याचा खर्च येईल. तो भावात लावा आणि तसं सांगा. मी तो आनंदाने देईन, आणि माझ्यासारखे पुष्कळ देतील.

उशीर झाला म्हणून मी कुणाला चोर म्हणत नाही. 2020 च्या मार्चमध्ये महासाथीमुळे स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातल्या मोठ्या रिफायनऱ्या काही काळ बंद राहिल्या. जगभर छोट्या विटा आणि नाणी मिळेनाशी झाली आणि सचोटीच्या विक्रेत्यांनाही तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी खरा विक्रेता कसा ओळखायचा? तो पैसे परत करायची तयारी दाखवतो, आणि लगेच दाखवतो, कारण पैसे त्याच्याकडे असतात. अमेरिकेत टपालाने विकलेल्या मालाबद्दल 1970 च्या दशकापासून, आणि फोनवरून विकलेल्या मालाबद्दल 1990 च्या दशकापासून, नियम आहे की सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर 30 दिवसांत, माल निघाला पाहिजे. नाहीतर ग्राहकाला कळवून थांबण्याची संमती घ्या किंवा पैसे परत करा. नियम चांगला आहे, पण मधल्या काळात पैसे कुठे ठेवायचे याबद्दल तो काही म्हणत नाही. खर्चून झालेले पैसे परत करायला सांगून उपयोग काय? ती उणीव तुम्ही स्वतःहून भरून काढू शकता.

तुमच्यातल्या सचोटीच्या विक्रेत्यांनी हे पहिल्यांदा करावं. एक विक्रेता बुडाला की ग्राहक सगळ्यांकडेच संशयाने बघतात, आणि जो प्रत्येक ऑर्डरीमागे त्याच दिवशी धातू घेतो त्यालाही ‘तुमच्यावर विश्वास का ठेवायचा’ हे ऐकावं लागतं. शिवाय पैसा मिसळून वापरणारा विक्रेता तुमच्यापेक्षा कमी भाव लावू शकतो, कारण त्याला भांडवल फुकट मिळतं. त्याच्याशी भावात झुंजत तुम्ही किती दिवस टिकणार? वेगळं खातं ही तुमच्या मालाइतकीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. ती पहिल्या पानावर सांगा, आणि लेखापरीक्षकाकडून दर तिमाहीला तपासून घ्या: खात्यातली शिल्लक आणि बाजूला ठेवलेला धातू मिळून बाकी ऑर्डरींएवढे भरतात की नाही.

तुमच्या अटी आणि शर्तींमध्ये पुढची वाक्यं घालावीत, अशी माझी विनंती आहे. तुमच्या वकिलांनी आपापल्या देशाच्या कायद्यानुसार ती घट्ट करून घ्यावीत, सैल करू नयेत.

“ग्राहकाने भरलेली रक्कम त्याचा माल रवाना होईपर्यंत ग्राहकाच्याच मालकीची राहील. कंपनी ती विश्वस्त म्हणून वेगळ्या खात्यात ठेवील आणि त्या ग्राहकाचा धातू विकत घेण्याखेरीज इतर कोणत्याही कारणासाठी वापरणार नाही. ग्राहकासाठी आलेला धातू त्याच्या नावे वेगळा ठेवला जाईल आणि त्याचा तपशील ग्राहकाला कळवला जाईल. सांगितलेल्या मुदतीत माल निघाला नाही, तर ग्राहकाने मागताच पूर्ण रक्कम परत केली जाईल.”

ज्यांनी ही वाक्यं स्वीकारली त्यांनी ती ऑर्डर नोंदवण्याच्या पानावर, भरायच्या रकमेच्या अगदी खाली, ठळक छापावीत. ज्यांना ती स्वीकारता येत नाहीत त्यांनी का येत नाहीत ते त्याच जागी लिहावं.

कळावे,
आपली एक ग्राहक